राजाच्या शेपटीखाली जळकं ऑइल

माझ्या पदवीचे पेढे गावभर वाटणारे दादा माझं साधं सांगणं का ऐकत नाहीत? मला खरंच उत्तर माहीत नाही.

आमचा कुत्रा राजा आठवडाभर ढुंगण जमिनीला घासत होता. कुत्र्यांच्या गुदद्वाराशेजारी दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या तुंबल्या की असं होतं. मी नोकरीसाठी केडगावात राहते, म्हणून वडिलांना, म्हणजे दादांना, फोनवर सांगितलं, "जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, ते दाबून मोकळ्या करतील." परवा दादा म्हणाले, "नेलं हुतं. बरा हाय आता."

आज सकाळी घरी गेले, तर राजाच्या शेपटीखाली ट्रॅक्टरचं जळकं ऑइल! आत ग्रंथी पिकून फुटलेली.

दादा म्हणाले, "शेजारचा नामा म्हनला, जंत हायेत. खरजेला लावतोच की आपन ऑइल."

"मग नेलं म्हणून खोटं का सांगितलं?"

"तू लई शिकलेली, तुला न्हाई कसं म्हनू? अन् कुत्र्याचं ढुंगन दाबायला डाक्टर? लोक हसत्याल, पोरी."

हे ऐकून मला रडूच आलं. जखमेपेक्षा ते 'बरा हाय' जास्त लागलं.

मग मीच राजाला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जखम धुतली, औषधं दिली. तुमच्या घरी तुमच्या शिक्षणाचा नुसता मान ठेवतात, की कधी ऐकतातही?

राजाला मी केडगावच्या खोलीवर घेऊन आले आहे. निघताना दादांना तोंडावर खरं सांगून आले, की राजाला आता तुमच्या भरवशावर ठेवणार नाही.