पंपावरचं ओलं गोणपाट
ओल्या गोणपाटाला डिझेलचा वास आला, की मला कोगनोळी नाक्याअलीकडचं ते ऊन आठवतं. माझे वडील, आप्पा, कोल्हापूरच्या दवाखान्यात वारले होते आणि आम्ही त्यांना त्यांच्याच जुन्या ट्रकमधून निपाणीजवळच्या गावी नेत होतो. मागं हौद्यात आप्पा, त्यांच्या भोवती बर्फाच्या लाद्या, शेजारी आई. चढावर गाडीनं दोन गचके दिले आणि बंद पडली. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप तापला की डिझेल वर चढायचं नाही, ही त्या गाडीची जुनी खोड. आप्पा अशा वेळी पंपावर ओलं गोणपाट टाकायचे आणि बिडी संपेपर्यंत झाडाखाली बसायचे. ड्रायव्हरनं नट सैल करून हवा काढली, मी त्या पंपावरचा छोटा हातपंप अंगठ्यानं दाबत राहिलो, पण नुसता फेस येत होता. "पाणी पायजे," तो म्हणाला. कॅन रिकामा होता. तो हौद्याकडं बघेना, माझ्याकडंही बघेना. शेवटी आईच म्हणाली, "बर्फ घे की रं. त्यांच्या पायाकडचा घे." त्यानं लादी फोडली आणि गोणपाटात गुंडाळून पंपावर धरली. पाणी डांबरावर पडायचं आणि पडल्यापडल्या वाळायचं. मी पंप दाबत होतो, मला दुसरं काही कळत नव्हतं. गाडी सुरू झाली तशी आईनं हाक दिली, "चला लौकर, त्यास्नी ऊन लागतंय." तो ट्रक कधीच भंगारात गेला. त्या दिवसाचं रडू मला अजून आलेलं नाही. हा वास आला, की उजवा अंगठा तेवढा आपोआप दाबायला लागतो.