किती किलो, वस्ताद?

इस्लामपूरच्या रस्त्यावरचा आमचा मेकॅनिक अख्खं इंजिन गप्प राहून खोलतो, पण ते परत बसवताना बोल्ट आवळायची वेळ आली की हमखास अडतो. मग हात पुसून पाटणला फोन लावतो, ज्यांच्याकडे काम शिकला त्या म्हाताऱ्या वस्तादांना. माझी गाडी जुनी, तिचं पुस्तक कधीच हरवलेलं आणि गाडीतला मला फक्त हॉर्न कळतो. त्यामुळे हा फोन लावायला लागला की माझा जीव टांगणीला लागायचा. परवा बोल्ट किती जोराने आवळायचे तो आकडा मीच मोबाइलवर शोधून ठेवला. सहा किलो.

"वस्ताद, हेडचं बोल्ट किती किलोला आवळू?"

"आठ," फोनमधून खोकत उत्तर आलं. मग पाटणचं धुकं, चहा, जुनी इंजिनं. "व्हय वस्ताद, व्हय," म्हणत यानं जोर मोजणाऱ्या पान्याचा काटा सहावर लावला.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अहो, ते आठ म्हणाले."

"आठला बोल्ट तुटंल की. मला ठावं हाय. पन एकलंच असत्यात ओ. तब्येत इचारली की फोन ठेवत्यात, बोल्ट इचारला की धा मिनिटं बोलत्यात."

मी मोबाइल खिशात घातला.

रविवारी पुण्याहून मुलाचा फोन आला. "बाबा, टायरमध्ये हवा किती भरू?"

दर महिन्याला तो हेच विचारतो आणि दर महिन्याला मी त्याच्या विसरभोळेपणावर दहा मिनिटं बोलतो. त्याच्या नव्या गाडीत टायरमधल्या हवेचा आकडा समोरच्या पडद्यावर दिसतो, हे मला आत्ता आठवलं.

"तीस," मी म्हणालो.

"बरं, बाबा."