कोणाचा रं तू?

हनुवटी वर करायची, डोळे बारीक करायचे आणि विचारायचं, "कोणाचा रं तू?" आमच्या गल्लीत नव्या माणसानं पाऊल टाकलं की आत्याचा हा पहिला प्रश्न. पाहुणा असो, मीटर बघणारा असो, नाहीतर भंगारवाला. खेड्यात तुम्हीही ऐकला असेल. नाव नंतर, आधी तो कोणाचा ते कळलं पाहिजे. म्हणजे त्याचं बोलणं किती धरायचं ते ठरवता येतं. शहरातली माणसं मात्र या प्रश्नानं गडबडायची.

एकदा पाण्याच्या टँकरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मौसी, मैं महापालिकाका."

"ती कवापासून पोरं जन्माला घालाया लागली?"

टँकरवाला इतका हसला की नळी हातातून सुटली. वाया गेलेल्या पाण्यावरून मग तिनंच त्याला शिव्या दिल्या.

सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही इथं तेच लिहितो. माझी बायको आणि ती एकाच गावच्या, फुलंब्रीकडच्या. त्या नात्यानं मी तिचा दाजी. दुष्काळात मेंढरं विकली, दोन शेळ्या ठेवल्या आणि आत्या नवऱ्याबरोबर शहरात आली. गारखेड्याच्या मागं तेव्हा मोकळं रान होतं. मी गवंडी. मी घरं बांधत गेलो तसं तिचं रान कमी होत गेलं. मी थापी धुवायला बसलो की म्हणायची, "दाजी, आज माझ्या शेळीचं किती खाल्लं?" पुढं तिचा नवरा गेला, पोरी सासरी गेल्या. शेळ्या आणि प्रश्न तेवढे राहिले.

घरं झाली, पण पाणी नाही आलं. पाइपलाइन कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथंच बसली. दर निवडणुकीत ती गल्लीत यायची आणि निकाल लागला की परत कोपऱ्यावर जायची. आत्या आणि माझी बायको टँकरपुढं हंडे लावून उभ्या राहायच्या. बायको म्हणायची, "आपल्या नळाचं पाणी एकदा पिऊ दे, मग मेलं तरी चालंल." देवानं तिचं ऐकलं ते अर्धंच. मरताना तिच्या तोंडात मी जे पाणी घातलं ते टँकरचं होतं.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडं आखिती म्हणतात. त्या दिवशी मातीचं नवं मडकं भरून गेलेल्या माणसाच्या नावानं पुजतात. बायकोच्या तेराव्याला आत्या माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "दाजी, आखितीला हिचं मडकं टँकरच्या पाण्यानं भरायचं नाय. सांगून ठेवते."

मी म्हणालो, "मग काय तुझ्या डोळ्यातल्या पाण्यानं भरू?"

"ते खारं असतंय," ती म्हणाली, आणि पदरानं पुसून टाकलं.

आत्याचं राजकारण शेळ्यांवरून चालायचं. पूर्वी भिंतीवर उमेदवारांचे कागद लागायचे, पिठाच्या खळीनं चिकटवलेले. शेळ्या ते चाटूनपुसून खायच्या. एकदा एका पक्षाची पोरं भांडायला आली तर म्हणते, "समोरच्याचा बी खाल्लाय. माझी शेळी पक्ष बघत नाय." मग फ्लेक्स आले. ते शेळीला चावता येत नाहीत. आत्या म्हणायची, "तवाच मी वळखलं, आता गरिबाच्या तोंडाला काय लागत नाय."

त्यानंतर सगळं फोनात गेलं. बायको होती तेव्हाची गोष्ट. मीठ संपणार आहे असा निरोप फोनवर फिरला. आत्यानं मिठाचं पोतं आणलं. मीठ काही संपलं नाही. वर्षभर शेळ्या पोतं चाटत होत्या. माझ्या बायकोनं तिला विचारलं, "कोणाचा निरोप व्हता गं?"

"पुढून आलता."

"पुढून म्हंजी कोणाचा?"

साऱ्या दुनियेला विचारणारी आत्या नेमकं तिथं विचारायचं विसरली होती. तेव्हापासून ती फोनलाही विचारायला लागली. एका उमेदवाराच्या माणसानं फोनवर आमच्या भागाचं उद्याचं चित्र दाखवलं. कारंजी, बाग, बाकडी. तिनं ते लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. म्हणाली, "ह्यात माझ्या शेळ्या नायत. ही दुसऱ्या कोणाची तरी गल्ली हाय."

तिला ऐकायला कमी यायचं. फोन आला की मोठा आवाज करून रिकाम्या हंड्यात ठेवायची. आवाज घुमायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. हंडे रिकामे असण्याचा आम्हाला तेवढाच फायदा.

बायको गेली त्याच वर्षी निवडणूक लागली. एका दुपारी आत्याचा फोन वाजला. तिनं हंड्यात ठेवला. आमच्या वॉर्डातल्या उमेदवाराचा आवाज. त्याची सभा सगळ्यांनी ऐकली होती, हुबेहूब तोच. त्यानं आत्याचं मतदार यादीतलं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि नमस्कार केला.

"कोणाचा रं तू?"

"मी तुमचाच आहे, ताई."

"मला दोन पोरी. तू कवा झालास?"

"तुमच्या भावना मी समजू शकतो. यजमानांनाही माझा नमस्कार सांगा."

"ते वर गेले. तूच जाऊन सांग."

"नक्कीच, ताई. मी लवकरच त्यांची भेट घेईन."

गल्ली लोळायची बाकी राहिली. समोरच्या घरातली कॉलेजात जाणारी पोरगी धावत आली. "आत्या, हे मशीन आहे. त्याला त्या उमेदवाराचा आवाज शिकवलाय. ते एकदम हजार जणांशी असंच बोलतंय." आत्यानं हातानंच तिला गप्प केलं आणि हंड्यात तोंड घातलं.

"आमच्या गल्लीत नळ येईल का?"

"होय ताई, नक्की येईल."

"कवा?"

"लवकरात लवकर."

"लवकर नगं. आखितीच्या आत?"

"होय ताई, आखितीच्या आत तुमच्या गल्लीत नळ येईल."

तिनं फोन बंद केला आणि माझ्याकडं पाहिलं. माझं हसू तिथंच थांबलं.

त्याच आठवड्यात खरा उमेदवार हात जोडत गल्लीत आला. पुढं ढोल, मागं पोरं. आत्यानं या वेळी कोणाचा ते विचारलं नाही. म्हणाली, "ये बाबा. खड्डा कवा खांदतो? आखितीच्या आत म्हणालास."

"कोण म्हणालं, आत्या?"

"तू. हंड्यात."

तो घाबरला. शेजारच्या माणसानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, तसा तो मोकळा हसला. "अहो आत्या, ते मशीन होतं. ते काहीही बोलतं."

"मशीन कोणाचं?"

"आमचंच, पण..."

"माझ्या शेळीनं तुझं वावर खाल्लं तर तू कोणाला धरशील? शेळीला?"

ढोल थांबला. ज्या पोरांनी त्याचं चित्रण करायला फोन वर धरले होते, त्यांनी ते तसेच धरून ठेवले.

"आवाज तुझा का नाय, एवढंच सांग," आत्या म्हणाली. "नाय म्हणलास तरी चालंल. पण मग त्यानं मत मागितलं ते बी तू मागितलं नाय."

त्यानं फोनांकडं पाहिलं, ढोलवाल्याकडं पाहिलं. "माझाच," तो म्हणाला. एवढा बारीक आवाज त्याचा कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "मेहुणीबाई, पोरीनं सांगायच्या आधी तुला कळलं नव्हतं का, मशीन आहे म्हणून?"

"न कळायला काय झालं? माणूस असता तर मला एवढं बोलू दिलं असतं का? तीनदा मधी तोडलं असतं." शेळीच्या पाठीवर हात फिरवत ती थोडी थांबली. "खरं सांगू दाजी? गरिबाचं शेवटपर्यंत ऐकलं ते मशीननंच. ऐकून इसरून बी गेलं असंल. म्हणून तर सगळ्या गल्लीला ऐकवलं."

तो निवडून आला. पाइप कोपरा सोडून आत आला. तो भ्यायला म्हणून, की आमचा नंबर लागला म्हणून, मला सांगता येणार नाही. आखितीच्या आदल्या दिवशी दुपारी नळ खाकरला. आधी वारा आला, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ. आत्यानं नवं मडकं स्वतः भरलं. "घे बाई," म्हणाली, "नळाचं."

मी तिथंच उभा होतो. माझं काही खरं नव्हतं.

"दाजी, रडायचं असंल तर आधी नळ बंद करा. पाणी वाया चाललंय."

पुढच्या हिवाळ्यात ती थोरल्या पोरीकडं गेली, फर्दापूरला. पंधरा दिवसांत येते म्हणाली. एक शेळी तोवर म्हातारी होऊन गेली होती, राहिलेली माझ्या दारात बांधून गेली. "हिला ओरडू नका, ती तुमच्याहून लहान हाय." ती आली नाही. पोरीचा फोन आला. मी सवयीनं तो रिकाम्या हंड्यात ठेवला आणि मग वाटलं, ठेवायला नको होता. सगळ्या गल्लीला एकदमच कळलं.

मला दाजी म्हणणारं आता कोणी उरलं नाही. काका आहेत, बाबा आहेत, अंकल तर लई आहेत.

या आखितीला मी दोन मडकी भरली. समोरची पोरगी म्हणाली, "काका, दुसरं कोणाचं?"

"मेहुणीचं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. तोच आवाज. पण आता त्याला शहाणं केलंय. आखितीच्या आत वगैरे म्हणत नाही. काहीही विचारा, "आपली सूचना पुढे कळवली आहे," म्हणतो. त्यानं माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाला, "मी तुमचाच."

माझ्या ओठावर आलं होतं. पण तो प्रश्न माझा नव्हता. हंडे भरलेले होते, फोन ठेवायला जागा नव्हती. मी तो खाली फरशीवर ठेवला. तिथं त्याचा आवाज अगदी बारका झाला. मी तुमचाच, मी तुमचाच, करत राहिला.

शेळी उठली. दाव्याला ताण देऊन फोनपर्यंत आली. तिनं तो हुंगला, एकदा चाटला आणि तोंड फिरवलं.