चौऱ्याऐंशी कंद आणि आईचं पातेलं

लाल लोकरीचा धागा मी कचरा समजून बादलीत टाकला, तिथून सगळं सुरू झालं.

तांते रीकच्या बागेतल्या लाकडी खोपटात टेबलावर ट्यूलिपचे कंद ढिगाढिगाने मांडलेले होते. मला बोलावलं होतं खड्डे खणायला. पण ती यायच्या आत मी मदतीच्या भरात सगळे ढीग हाताने ओढून एकाच पेटीत भरले आणि टेबल पुसून ठेवलं. हा टापटिपीचा झटका मला घरी कधीच येत नाही, असं आई म्हणते.

तांते रीक दारात आली. टेबल पाहिलं, पेटी पाहिली.

"धाग्याचा कंद कुठाय?"

"तो धागा ना? मी सोडून टाकला. पार मळला होता."

ती पालथ्या बादलीवर मटकन बसली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ही बाई, खाली बसलेली मी तोवर पाहिलीच नव्हती.

तांते म्हणजे मावशी. झिल्क गावात ती सगळ्यांचीच मावशी, आणि सगळ्यांना तिचा धाक. एक्केचाळीस वर्षं तिने एकच काम केलं: ट्यूलिपच्या शेतातली रोगी झाडं हुडकणं. वसंतात ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून काळी छत्री धरायची आणि वाकून सऱ्यांमधून चालायचं. पानावर फिकट रेघ दिसली, पाकळीवर पट्टा दिसला, की झाड मुळासकट उपटून बादलीत. पट्टे म्हणजे रोग. मावा एका झाडाचा रस पिऊन शेजारच्यावर बसला की रोगही तिथे पोचतो. वेळेत उपटलं नाही तर दोन-तीन वर्षांत शेत हातचं जातं. आणि गंमत अशी, की त्या सगळ्या शेतात रोगी फूलच सर्वांत देखणं. पांढऱ्या पाकळीवर जांभळ्या ज्वाळा.

"एक्केचाळीस वर्षं सुंदर दिसेल ते उपटायचं, याचा मला पगार मिळायचा," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी एक बादलीत नाही टाकलं. एप्रनच्या खिशात टाकलं."

"म्हणजे चोरी?"

"चोरी कसली? जाळायलाच जाणार होतं. नऊ वर्षं घरात, काचेमागे, वर जाळी घालून ठेवलंय, फक्त सुकलेला कंद तेवढा इथे आणते. माशीसुद्धा शिवली नाही त्याला. आणि तू त्याचा धागा सोडलास."

आता मला कळलं मी काय करून बसलो ते. खोपटाबाहेर तिची बाग, बागेपलीकडे दोन हात रुंद पाण्याचा चर, आणि चराच्या पलीकडे योप शेतकऱ्याचं शेत, नुकतंच ट्यूलिप लावून झालेलं. रोगी कंद चुकून बागेत गेला असता, तर योपच्या शेतात रोग नेणारी बाई म्हणून तांते रीकचं नाव झालं असतं. आयुष्यभर तिने त्याच्याच, आधी त्याच्या बापाच्या, शेतातला रोग वेचला होता.

"सगळी पेटी जाळून टाकू," मी म्हणालो.

मी मांजर बुडवायला सांगितल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात चरापलीकडून योपची हाक आली. "रीक! अजून लावले नाहीस? माती गार पडली की!"

"तुझं तू बघ!" ती बसल्या जागेवरून ओरडली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "रोगाने कंद वाढत नाही, लहान राहतो. मोठे बाजूला काढ. अंगठ्याने दाबून बघ. मऊ लागला, बुरशी दिसली, तर फेक. टणक आणि तपकिरी साल, तोच घ्यायचा."

मोठे निघाले साठेक. ते त्या दुपारी बागेत लावले. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल, टोक वर. मी दोन उलटे लावले, ते तिने न बघता ओळखले. प्रत्येक कंदाची एक बाजू चपटी असते. पहिलं रुंद पान त्याच बाजूने फुटतं, म्हणून ती बाजू वाटेकडे ठेवायची.

"आलेल्या माणसाकडे पाठ करून कोणी उभं राहतं का? तुझ्याशिवाय?"

लहान उरले चौऱ्याऐंशी. सुकलेले कंद एकमेकांना रोग देत नाहीत, पण त्यातला कुठला रोगी ते बघून कळत नाही; पान फुटलं की कळतं. म्हणून ते चर्चमागच्या तिच्या घराच्या अंगणात, शेतांपासून दूर, प्रत्येक कंद वेगळ्या भांड्यात लावायचा असं ठरलं.

"चौऱ्याऐंशी भांडी कोण आणणार?" मी विचारलं.

"धागा कोणी सोडला?"

आठवडाभर मी दारोदार फिरलो. रंगाचे डबे, फुटक्या बादल्या, बाळाचा टब, पाद्रीबुवांकडची एक पितळी वस्तू जिचा उपयोग मी विचारला नाही. योपनेही दोन बादल्या दिल्या. "एवढी भांडी कशाला?" त्याने विचारलं. "म्हातारीची हौस," मी म्हणालो आणि कान लाल व्हायच्या आत सटकलो. त्र्याऐंशी झाली. चौऱ्याऐंशीव्या भांड्यासाठी मी आमच्या फडताळातून आईचं मोठं पातेलं उचललं.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे वाटाण्याचं सूप झालं नाही.

"कशात करू?" आई विचारायची. "तुझ्या डोक्यात? जागा तर भरपूर आहे."

मार्चमध्ये अंगणभर हिरवी टोकं आली. एका सकाळी तांते रीकने काळी छत्री उघडली, पाठ वाकवली आणि भांड्यांच्या रांगांतून चालू लागली. मी मागे. मला सगळी पानं सारखीच दिसत होती. अकराव्या रांगेत ती थांबली. माझ्याच पातेल्यापाशी.

"हा बघ."

मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. साधं हिरवं पान. "काहीच नाही."

"म्हणून तू खड्डे खणतोस."

तरी राहिलेले सगळे तिने दोनदा तपासले. मग पातेलं आम्ही दोघांनी उचलून आत नेलं, काचेमागे, जाळीखाली. त्या सकाळी तिने मला कॉफीबरोबर दुसरं बिस्किट दिलं. गावात हे मी तिघांना सांगितलं, कोणाचाच विश्वास बसला नाही.

एप्रिलमध्ये लोक आपापली भांडी न्यायला आले, तर प्रत्येकात एक फूल. कोणी तक्रार केली नाही. पाद्रीबुवा पितळी वस्तू दोन्ही हातांत धरून, मिरवत गेले.

योप बादल्या घ्यायला शेवटी आला. खिडकीपाशी थबकला. जाळीच्या आत पांढऱ्यावर जांभळ्या ज्वाळा पेटल्या होत्या. तांते रीक ताठ उभी राहिली. मी बादल्या मोजायचं नाटक केलं, दोनच होत्या.

योपने जाळीजवळ नाक नेलं.

"माझ्या शेतातला?"

"नऊ वर्षांपूर्वीचा."

"इतकी वर्षं एकही मावा नाही?"

"मी आहे की इथे."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "पडदा ओढून ठेव, रीक. माझा बाप बघेल."

"तुझा बाप गेला."

"म्हणूनच. आता तो कुठूनही बघू शकतो."

तो हसत बादल्या घेऊन गेला. तांते रीकने पडदा ओढला, पण अर्धाच.

कंदाला आता वर्षभर तरी हलवायचं नाही, असं तिने मला बजावलं आहे. पातेल्यातली माती त्याला मानवली आहे म्हणे. दर रविवारी आई पातेल्याचं विचारते, आणि मी सांगतो, "आणतो." पुन्हा थंडी तोंडावर आली आहे. काल बाबांनी वाटाणे आणलेत.