हजेरीतली झीनत

आमच्या कॉलेजातला लॅब असिस्टंट अझरुद्दीन फार गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यावर माझा विश्वास नाही. स्वभावच तसा. दूधवाल्याच्या मापातही मी डोकावून बघतो.

लॉकडाऊन लागला आणि आठवडाभरात तास ऑनलाइन घ्या असा हुकूम आला. मी तीस वर्षं फळ्यावर सांख्यिकी शिकवलेला. अझरुद्दीन तोंडाला फडकं बांधून घरी आला, माझ्या खोलीतल्या फळ्यासमोर मोबाइल बसवून दिला, लिंक पाठवायला शिकवलं, हजेरीची यादी काढायलाही शिकवलं.

त्या यादीतच मला झीनत सापडली. माझ्या वर्गात या नावाची मुलगीच नव्हती. तरी रोज पहिल्या मिनिटाला हजर, शेवटपर्यंत गप्प. वर मी पिवळा खडू घेतला की पाच मिनिटांत अझरुद्दीनचा फोन यायचा, पिवळं दिसंना सर, पांढरा घ्या. माझ्या खोलीतला खडू ह्याला त्याच्या घरी बसून कसा दिसतो? पाणी कुठंतरी मुरत होतं. आमच्या चुका कुणीतरी प्राचार्यांना पोचवतं अशी कुजबुज होतीच; तो माणूस हाच, अशी माझी खात्री झाली.

जूनमध्ये त्याचं कंत्राट वाढवायचं होतं. प्राचार्यांनी आमची मतं मागवली. मी लिहून दिलं, 'विश्वासू नाही. वर्गात परकी व्यक्ती बसवतो.'

चौकशीत त्यानं एक वही आणून ठेवली. झीनत त्याची बायको. मंद्रूपकडच्या खेड्यांतल्या पोरांकडं असतो तसल्या स्वस्तातल्या मोबाइलवर ती आमचे तास बघायची, आणि पोरांना काय दिसत नसेल, काय ऐकू येत नसेल, ते लिहून नवऱ्याला सांगायची. प्राचार्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. माझ्या पानावर शेवटी होतं, 'आज सगळी मुलं निघून गेली. सर पाऊण तास एकटेच शिकवत होते. सरांना सांगू नये, वाईट वाटेल.'

मत मागं घेतो म्हणालो. प्राचार्य म्हणाले, तुमचं पत्र संस्थेकडं गेलंय, आता माझ्या हातात काही नाही. जुलैत त्याचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही.

मी फोन करून माफी मागितली.

"संशय आला तर येऊ द्या की सर," तो म्हणाला. "पण मला एकदा इचारायचं तरी. रोजच तर बोलत हुतो की आपण."