तांबूस माशी

गळाला लावायच्या खोट्या माश्या बनवणारा एक कारागीर आमच्या वाचनालयात यायचा. देवळालीच्या छावणीतले गोरे साहेब त्याचं गिऱ्हाईक. इंग्रजी त्याला येत नसे, म्हणून मी त्या विद्येचं जाड पुस्तक चित्रांच्या पानावर उघडून द्यायचो. चित्राकडे बघत तो गळावर पिसं, केस बांधायचा आणि माशी झाली की तिच्यावर हलकी फुंकर मारायचा. “जिती वाटली पाहिजे, भाऊसाहेब.”

एका चित्रातला तांबूस रंग त्याला काही केल्या मिळत नव्हता. एक दिवस त्याच रंगाची माशी त्यानं माझ्या तळहातावर ठेवली.

“रंग तुमच्याच घरचा. मागं माझ्याकडच्या सुयांच्या बदल्यात वहिनींनी विंचरलेलं गुंतवळ दिलं होतं, त्यात सापडला.”

बायको केसांना मेंदी लावायची. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

त्यानं फुंकर मारायच्या आत मी मूठ मिटली. मुठीत माशी हलत होती.