समोरच्या मास्तराचा खिसा

"वाका. अजून वाका. भात लावताय असं समजा."

मुरबाडच्या बाजारात, एसटी स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर, हे शब्द रोज कानावर पडायचे. आणि चांगली धडधाकट, मिशीवाली माणसं भर रस्त्यात कमरेतून वाकून उभी राहायची. समोर तो. गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल, ओठांत दोन टाचण्या. वाकलेल्या माणसाच्या खिशातून काही घसरतंय का, तेवढंच तो बघायचा. नाही घसरलं की टाचण्या ओठांतच ठेवून म्हणायचा, "जावा आता. चिखलात उतरा नायतर गाडीवर उडा. पडायचा नाय."

पडायचा नाही तो मोबाइल. हा माणूस शिंपी होता, आणि मोबाइलचे खिसे शिवण्यात त्याचा हात धरणारा आख्ख्या तालुक्यात कोणी नव्हता. त्याचं दुकान माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. मीही शिंपीच. म्हणजे पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मी त्याच्यावर जळायचो. चोरून नाही, चांगला खुर्ची दाराशी ओढून त्याच्याकडे बघत जळायचो.

माझं दुकान आजोबांपासूनचं. कॉलर बसवावी तर आमच्या घराने, असं टोकावड्यापर्यंतची माणसं म्हणायची. तो डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. उल्हासनगरच्या कारखान्यात पँटी शिवत होता, तिथून एक जुनं मशीन घेऊन आला आणि समोरचा गाळा धरला. पहिल्या दिवशी पेढे द्यायला आला तेव्हा माझ्या टांगलेल्या शर्टांवरून एक बोट फिरवलं आणि म्हणाला, "बरं हाय." बरं! आजोबांनी बसवलेल्या हाताला हा बरं म्हणतो. तेव्हापासून माझी एकच इच्छा होती. या माणसाने एकदा, फक्त एकदा, माझ्या कामाला चांगलं म्हणावं.

त्याचं नशीब उघडलं ते आमच्याकडच्या एका गवताच्या व्यापाऱ्यामुळे. रानातलं गवत बांधून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा धंदा. त्याने बाजारातला पहिला मोबाइल आणला. काय ते धूड! हातात धरलं तर वरवंटा, आणि वर बोटभर काडी. मुरबाडात तेव्हा टॉवरच नव्हता. कल्याणच्या बाजूला गेलं की ते बोलायचं, इथे अगदी मुकं. पण व्यापारी ते उराशी घेऊन हिंडायचा. शर्टाचा खिसा पोटापर्यंत ओघळायचा, एक खांदा खाली यायचा, आणि काडी बगलेत टोचायची.

तो आधी माझ्याकडे आला होता, हे मी आवर्जून सांगतो. मी म्हटलं, "शेठ, खिसा पेनासाठी असतो. हे हातात धरा." मी चुकीचं काहीच बोललो नव्हतो. शर्टाची रेघ बिघडते, हे कुठलाही शिंपी सांगेल. शेठ रस्ता ओलांडून समोर गेला.

समोरच्याने काय केलं? खिशाच्या मागे आतून दुहेरी कापड लावलं आणि त्याची वरची कड थेट खांद्याच्या शिवणीत घेतली, म्हणजे वजन खांद्यावर. आणि खिशाच्या कोपऱ्यात एक काज केलं. काडी त्यातून बाहेर! शेठ शर्ट घालून बाहेर आला तेव्हा खिशातून डोकावणारी ती काडी बघायला माणसं जमली. मी मान फिरवली आणि कात्रीला धार लावत बसलो. कात्रीला धार होतीच.

मग टॉवर आला आणि मोबाइलला जसे पायच फुटले. काडी गेली, वरवंट्याचा साबण झाला. ग्रामसेवक, दूधवाला, ढाब्यावरचा गल्लेवाला, जो तो साबण घेऊन हिंडू लागला. कोणी गळ्यात दोरीने बांधे, कोणी पट्ट्याला पिशवी लटकवे. दर सहा महिन्यांनी साबणाचा आकार बदलायचा. एक लांबट, एक पोट सुटलेला, एक कडेला गोल. मी म्हणायचो, हे काय शिंप्याचं काम आहे? कापड माणसाच्या अंगावर बेतायचं असतं, यंत्राच्या नाही.

त्याचं डोकं बघा. गिऱ्हाईक काही आपला मोबाइल शिंप्याकडे ठेवून जात नाही. म्हणून नवीन घाटाचा मोबाइल आला रे आला, की हा पेन्सिलीने कागदावर त्याची कड काढून घ्यायचा आणि सुताराकडून तसाच सागाचा ठोकळा करवून आणायचा. अगदी गोल कडेसकट. दुकानात त्या लाकडी मोबाइलांची रांगच लागली. खिसा शिवून झाला की त्यात ठोकळा टाकायचा आणि गिऱ्हाइकाला रस्त्यावर काढायचं. "वाका."

वाकायला लावण्याचं कारण लावणी. आमच्याकडे आषाढात चिखलात वाकून रोप लावताना कितीतरी मोबाइल खाचरात गेले. एकाचा तर रोपाबरोबरच लावला गेला आणि कापणीलाच सापडला. म्हणून त्याने खिशाला झडप काढली, झडपेला दाबाचं बटण, आणि पावसाळी खिशाच्या आत खताच्या गोणीतलं प्लास्टिक. ते नीट धुऊन लावायचा, तरी पहिले काही दिवस छातीला युरियाचा वास यायचा. कोणी तक्रार केली नाही. माझ्या शर्टाची एक गुंडी सैल झाली तर हीच माणसं बाजारभर सांगत.

मी त्याच्यासारखा खिसा शिवून बघितला का? बघितला. मुकाट्याने, दार लोटून. आरशासमोर वाकलो. माझ्या खिशातून माझी खडूची डबी घरंगळली आणि मशीनखाली गेली. तो समोरून ओरडला, "मास्तर, काय पडलं वो?" या माणसाला भिंतीपलीकडचंही दिसायचं.

एवढं सगळं मी सोसलं असतं. पण माझा मुलगा लग्नाला आला.

मुलगा कारखान्यात लागला होता आणि त्याच्याकडे नुकताच घडीचा मोबाइल आला होता. काडेपेटीएवढा. उघडला की टक्, मिटला की टक्. लोक आपल्याच खिशात हरवलेला मोबाइल शोधत बसायचे, इतके ते लहान झाले होते तेव्हा. आमच्या घरात नवरदेवाचा कोट बाप शिवतो. माझा माझ्या वडिलांनी शिवला होता. मी मुलाचा शिवला, आणि असा शिवला की खांद्यावर माशी बसली तर घसरावी. मुलाने घालून बघितला, आरशात वळला आणि म्हणाला, "बाबा, मोबाइल कुठं ठेवू?"

मी म्हटलं, "लग्नात कोणाला फोन करणार आहेस?"

त्याने कोट उतरवून हातावर घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरचा मास्तर रस्ता ओलांडून माझ्या दारात आला. हातावर माझा कोट. पोराने परस्पर नेऊन दिला होता. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

आमच्या बाजारात एक रीत आहे. एका शिंप्याची शिवण दुसरा शिंपी विचारल्याशिवाय उसवत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईचं असो. तो ती रीत पाळायला आला होता.

"मास्तर," तो म्हणाला, "अस्तराची शिवण उसवू काय? तुमी नाय बोललात तर असाच परत देतो."

त्याने न विचारता उसवला असता तर मला भांडता आलं असतं. पंचांत नेता आलं असतं. पण तो विचारत होता, टोपी काढून, आणि आजूबाजूचे दुकानदार बघत होते. मी म्हटलं, "उसव." एवढा एक शब्द, पण तो तोंडातून काढताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लग्नात मी बसवलेल्या कोटाच्या खांद्यांकडे कोणी बघितलं नाही. अक्षता पडल्यावर कोणाचा तरी फोन आला, मुलाने कोटात हात घातला, आणि कुठून कसा कोण जाणे, तो घडीचा मोबाइल टक् करून त्याच्या हातात आला. वऱ्हाडातली पोरं म्हणाली, "ए, परत दाखव ना!" मुलाने परत दाखवला. व्याही मला म्हणाले, "खिसा मस्तच शिवलाय हो तुम्ही." मी हसलो. तुम्हीही हसला असता, दुसरं काय करणार?

लग्न आटोपल्यावर मी तो कोट घेऊन बसलो आणि त्याचा दोष शोधू लागलो. बाहेरून खिसा दिसेना. आतून चाचपला तरी तोंड सापडेना. शेवटी एक एक टाका उलगडून बघितला. माझ्याच अस्तराच्या घडीत त्याने खिशाचं तोंड लपवलं होतं, आणि टाके घेतले होते ते माझ्याच चालीने, माझ्या आजोबांच्या चालीने. माझी शिवण बिघडू नये म्हणून. दोष सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. नाही सापडला. मी कोट परत शिवून ठेवला आणि त्या रात्री जेवलो नाही.

पुढे मोबाइल सरकते आले, मग बटणं गेली आणि नुसती काच उरली. घाट पुन्हा वाढू लागला. लांबी त्या पहिल्या वरवंट्याएवढी, जाडी पापडाएवढी. तो नवा ठोकळा हातात फिरवत मला म्हणाला, "मास्तर, एवढा लहान करून परत मोठा केला. मग मधी आमाला कशाला नाचवलं?" आता आमचं बोलणं होऊ लागलं होतं, कारण दोघांच्याही दुकानात गिऱ्हाईक कमी. पोरं तयार पँटी घेऊ लागली. काचेचा मोबाइल कुठल्याच खिशात मावेना, म्हणून ती तो हातातच धरायची. मी व्यापाऱ्याला सांगितलं होतं तसंच.

त्यात त्याचे डोळे गेले. आधी सुईचं नाक दिसेना, मग सुई, मग रस्ता. बायको आधीच वारलेली. आसनगावला दिलेली लेक त्याला न्यायला येणार, असं ठरलं. जायच्या आधी तो कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून माझ्या दुकानात आला. शर्टाचं कापड आणलं होतं.

"माप घ्या," म्हणाला. "पोरीच्या घरी जायचं. बरा शर्ट नाय."

शिंप्याने दुसऱ्या शिंप्याकडे कपडा टाकायचा, हे किती मोठं आहे ते शिंप्यालाच कळतं. मी टेप त्याच्या खांद्यावर लावला. मी विचारलं, "खिसा?"

"नको. माझा फोन पोरीकडंच असतो. मला कोन फोन करनार?"

मी तो शर्ट शिवला तसा आयुष्यात दुसरा शिवला नाही. आणि खिसा ठेवला. मुद्दाम ठेवला. गुंड्यांच्या पट्टीच्या आत, काचेच्या मोबाइलच्या मापाचा, बाहेरून दिसणार नाही असा. मुलाच्या कोटात जे बघितलं होतं ते सगळं त्यात ओतलं. बघू दे त्याला, म्हटलं. मग आठवलं की तो बघणार नाही.

तो बोटांनी बघू लागला. कॉलर, खांदा, काजं. बोटं पट्टीवरून खाली आली आणि थांबली. मागे गेली, खिशाच्या तोंडात शिरली, तळापर्यंत गेली, कडेने फिरली. मी श्वास धरून उभा. आता म्हणेल, आता तरी म्हणेल.

"मास्तर," तो म्हणाला, "हा कोनाकडून शिवून घेतला?"

आणि हसत हसत शर्ट काखेत मारून गेला.

वर्षाच्या आतच आसनगावला तो वारला. नंतर लेक गाळ्याची किल्ली द्यायला आली. गाळा मोबाइलचं रिचार्ज करणाऱ्याने घेतला होता. तिने ठोकळे त्यालाच देऊन टाकले, मशीन भंगारात घातलं आणि निघता निघता माझ्याकडे चहाला टेकली.

"काका, बाबांचा एक शर्ट तेवढा ठेवलाय मी," ती म्हणाली. "सनासुदीला तोच घालायचे. आल्यागेल्याला जवळ बसवून बोटाने खिसा दाखवायचे. बोलायचे, हा मी शिवलेला शेवटचा शर्ट. असा मुरबाडात कोन शिवनार नाय."

माझ्या हातातली बशी कलंडली.

"माझे मालक बोलतात, डोळ्यानं दिसत नव्हतं तर कसा शिवला? मला पन तसंच वाटतं. तुमी समोरच व्हता. खरं सांगा काका, त्यांनीच शिवला?"

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी मी जळलो, तो शब्द तो बोलून गेला होता. आसनगावात घरोघर बोलला होता. फक्त त्यावर स्वतःचं नाव घातलं होतं. आणि पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"त्यानेच," मी म्हटलं. "माझ्यासमोर शिवला. टाके हाताने चाचपून घ्यायचा."

तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "तरीच. मी बोलते आता यांना." पदराने तोंड पुसून ती आसनगावच्या गाडीला गेली. मी मशीनवर येऊन बसलो आणि गाडी सुटून गेल्यावरही बराच वेळ जळत राहिलो.